मूठभर दाण्यांची पारख

(बार्शी येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचं मुद्रित रूप)



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ दरवर्षी हे व्याख्यान होतं, त्यांना लांबण लावलेली भाषणं खपत नसत. वक्ता प्रस्तावनेतच रमला, की ते मनगटावरचं घड्याळ काढून समोरच्या टेबलावर ठेवत. ते घड्याळ आजही इथं आहे असं समजून मी थेट एका प्रश्नापासून सुरुवात करतो.

प्रश्न माझा नाही. परांडा तालुक्यातल्या एका गावात, शाळेच्या व्हरांड्यात, आमचा आरोग्याचा कार्यक्रम आटोपल्यावर एका बाईंनी तो विचारला होता. त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली. बाई चाळिशीच्या असतील, डोक्यावरचा पदर दातात धरून उभ्या होत्या. "सासूबाई गर्भपिशवीच्या कॅन्सरनं गेल्या. थोरल्या नणंदेलाही तोच निघाला. आता माझी पाळी का?" मी तरुण नव्हतो, पण उत्तर तरुणासारखं दिलं. म्हणालो, "घाबरू नका. तुमचा त्यांचा रक्ताचा संबंध कुठं आहे?" बाईंनी पदर सोडला आणि म्हणाल्या, "माझा नाही, पण माझ्या पोरीचा आहे की."

यावर मी काहीतरी सारवासारव केली आणि जीपमध्ये बसलो. खरं उत्तर मला त्या दिवशी येत नव्हतं. ते थोडंफार आज येतं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या बाईंना उशिरा दिलेलं उत्तर आहे, असं समजा.

या विषयावर बोलायला बार्शीइतकी योग्य जागा देशात फार थोडी. १९८७ साली इथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलातून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर माणसं जायची, पारावर बसायची, कोणाला गाठ आहे, कोणाला अंगावरून जातं, हे विचारायची. स्त्रियांच्या कॅन्सरमध्ये त्या नोंदवहीत तेव्हा पहिला क्रमांक गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा होता. पुढं १९९९ मध्ये इथल्याच मंडळींनी टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेच्या सोबतीनं तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक अभ्यास सुरू केला. गावांचे ५२ समूह चार गटांत वाटलेले, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. एका गटाची एचपीव्ही या विषाणूसाठी आयुष्यात एकदाच तपासणी झाली, दुसऱ्या दोन गटांची वेगळ्या पद्धतींनी, चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा मिळाली. आठ वर्षांनी हिशेब केला तेव्हा एचपीव्ही तपासणीच्या गटात या कॅन्सरनं ३४ मृत्यू होते, चौथ्या गटात ६४. दोन्ही गटांचा आकार साधारण सारखाच. जगभरच्या डॉक्टरांनी २००९ साली हे आकडे वाचले आणि त्यानंतर अनेक देशांची धोरणं बदलली. आपल्याकडच्या ज्वारीच्या रानांतून निघालेले हे आकडे आहेत, हे आपल्याच मुलांना शाळेत कोणी सांगत नाही. असो.

मला आज त्यातला दुसराच एक आकडा उचलायचा आहे. तपासलेल्या दर दहा बायकांपैकी साधारण एकीत हा विषाणू सापडला. हा विषाणू म्हणजे काही विरळा पाहुणा नव्हे. लग्न झालेल्या बहुतेक स्त्रियांना आणि पुरुषांना तो कधी ना कधी गाठतोच, आणि दहातल्या नऊ जणींच्या अंगातून वर्ष-दोन वर्षांत, त्यांच्या नकळत, निघूनही जातो. राहतो तो एखादीच्या अंगात. तिथं तो दहा-वीस वर्षं ठाण मांडतो आणि मग कधी तरी कॅन्सर होतो. गाव तेच, पाणी तेच, विषाणू तोच. मग एकीला सोडतो आणि दुसरीला धरतो, असं का?

तंबाखू हे एक कारण. एचआयव्ही असेल तर ते फार मोठं कारण. खूप बाळंतपणं हेही. निव्वळ नशीब हा भागही मोठा आहे, आणि शास्त्रज्ञांनी तो कबूल करायला लाजू नये. पण या सगळ्यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट आहे, जी आपण जन्माला येतानाच घेऊन येतो: आपल्या शरीराचे पहारेकरी नेमकं काय पाहू शकतात, ही.

ती समजावून सांगायला मला वडिलांची आठवण येते. ते इथल्या आडत बाजारात दिवाणजी होते. सकाळी पोत्यांची थप्पी लागली, की खरेदीदार येत. पोतं उघडायचं नाही. एक टोकदार पोकळ नळी पोत्याच्या पोटात खुपसायची, ओढली की मूठभर ज्वारी तळहातावर. वडील ती हातावर पसरत, फुंकर मारत, एक दाणा दाताखाली धरत, आणि त्या मुठीवर शंभर पोत्यांचा भाव ठरे. मालदांडी आहे की भेसळ आहे, दाण्यात किडा आहे की नाही, हे त्या मुठीतूनच. नळीत जो दाणा आलाच नाही, त्याबद्दल कोणालाच काही कळत नसे.

आपल्या शरीरात हेच चालतं. जवळजवळ प्रत्येक पेशी आत बनणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे करते आणि त्यातले काही पृष्ठभागावर मांडून ठेवते. हे तुकडे अगदी छोटे असतात, आठ ते दहा अमिनो आम्लांची माळ. टी पेशी नावाचे पारखी रक्तातून फिरत येतात, तुकडा चाचपतात आणि पुढं जातात. घरचाच माल असेल तर काही नाही. विषाणूचा किंवा बिघडलेल्या प्रथिनाचा तुकडा दिसला, तर ती पेशी संपवतात. हे तुकडे मांडणारी जी नळी आहे, तिला एचएलए म्हणतात. ऑस्ट्रेलियात कॅनबेरामध्ये १९७४ साली पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांनी दाखवलं, की टी पेशी एकट्या विषाणूकडे पाहतच नाही, ती विषाणू आणि ही नळी अशी जोडी पाहते. १९८७ मध्ये हार्वर्डमध्ये पामेला ब्योर्कमन आणि सहकाऱ्यांनी या रेणूचं पहिलं चित्र काढलं. वर एक खोबण होती, आणि त्या खोबणीत काहीतरी अडकलेलं दिसत होतं. तो तुकडाच होता. पाठ्यपुस्तकातली चित्रं सहसा कोरडी असतात, पण हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वडिलांच्या हातातली नळी आठवली होती.

आता मुद्दा. ही खोबण सगळ्यांची सारखी नसते. सहाव्या गुणसूत्रावर ही जनुकं शेजारी-शेजारी बसलेली आहेत आणि माणसाच्या सगळ्या जनुकांत सर्वांत जास्त वैविध्य इथंच आहे. जगभरात आजवर नोंदलेले प्रकार चाळीस हजारांच्या वर गेले आहेत. आपल्याला एक संच आईकडून मिळतो, एक वडिलांकडून. संच बहुधा अख्खाच्या अख्खा येतो, म्हणून दोन सख्ख्या भावंडांचे दोन्ही संच जुळण्याची शक्यता चारात एक असते. अस्थिमज्जा रोपणासाठी ज्या घरानं भावंडं तपासून घेतली असतील, त्यांना हा हिशेब पाठ असेल. कोणाच्या नळीत एका विषाणूचा दाणा चटकन येतो, कोणाच्या नळीतून तोच निसटतो. याचा अर्थ एकाची प्रतिकारशक्ती 'चांगली' आणि दुसऱ्याची 'वाईट' असा नाही. बाजारात चणे घ्यायला चांगली असलेली नळी राजगिऱ्याला कुचकामी ठरते, एवढाच.

या जनुकांचा आणि कॅन्सरचा संबंध नंतर जोडला गेला असं नव्हे. दोघांची ओळख जन्मापासूनची आहे. १९३० आणि ४० च्या दशकांत लंडनमध्ये पीटर गोरर आणि अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरमध्ये जॉर्ज स्नेल उंदरांवर काम करत होते. एका उंदराची गाठ दुसऱ्यात लावली तर कधी रुजते, कधी गळून पडते, हे काय गौडबंगाल आहे, हा त्यांचा प्रश्न. गाठ टिकवणारी किंवा नाकारणारी जनुकं शोधता शोधता त्यांच्या हाती उंदरांमधली हीच जनुकं लागली. मधेच १९४७ च्या ऑक्टोबरात बार हार्बरला वणवा लागला आणि स्नेल ज्या जॅक्सन प्रयोगशाळेत होते तिथले उंदीर जळून गेले. जगभरच्या प्रयोगशाळांनी त्यांच्याकडे पूर्वी पाठवलेल्या वाणांचे उंदीर परत पाठवले, तेव्हा काम पुन्हा उभं राहिलं. १९६४ मध्ये फ्रँक लिली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की एका विषाणूमुळे होणारा रक्ताचा कॅन्सर उंदराला होईल की नाही, हे याच जनुकांवर अवलंबून आहे. माणसांमध्ये जॉं दोसे यांनी पॅरिसमध्ये एचएलए शोधलं, आणि माणसातल्या एचएलएशी जोडलेला पहिला आजार कोणता? हॉजकिन लिम्फोमा. म्हणजे कॅन्सरच. ते साल १९६७.

मुंबईत परळला डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली घडलेल्या कमल रणदिवे त्याच सुमारास उंदरांच्या वेगवेगळ्या वाणांमधल्या स्तनाच्या कॅन्सरवर काम करत होत्या. वाण बदललं की कॅन्सरचं प्रमाण बदलतं, पण आईच्या दुधातून जाणारा विषाणू आणि संप्रेरकं हेही त्यात असतात, म्हणजे वारसा एकटा कधी येत नाही, ही गोष्ट त्या फार आधीपासून सांगत होत्या. आजही या विषयाचं सार तेच आहे.

परत आपल्या विषाणूकडे. १९९९ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी मोठ्या नोंदवह्या उघडून त्या परांड्याच्या बाईंचाच प्रश्न विचारला, फक्त आकड्यांत. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा धोका रुग्ण स्त्रीच्या सख्ख्या बहिणीत जवळजवळ दुप्पट निघाला. एकच पालक समान असलेल्या बहिणीत दीडपटीच्या आत. आणि दत्तक आईच्या बाबतीत? जवळपास इतरांइतकाच. घर एक, चूल एक, तरी धोका वाढत नाही. म्हणजे वाढणारा धोका चुलीतून येत नव्हता. पुढं २०१३ मध्ये त्याच देशातल्या हजारावर रुग्ण स्त्रियांची पूर्ण जनुकीय तपासणी झाली तेव्हा सगळ्यात ठळक खुणा नेमक्या एचएलएच्याच परिसरात सापडल्या. डीआर-१३ नावाचा प्रकार ज्यांच्या संचात आहे त्यांचा धोका सुमारे तिसऱ्या हिश्श्यानं कमी, डीआर-१५ असलेल्यांचा सुमारे दीडपट. त्याच परिसरातलं एमआयसीए नावाचं आणखी एक जनुकही यात आहे. पेशी संकटात सापडली की हे प्रथिन झेंड्यासारखं वर येतं, आणि एनके नावाच्या पेशींना बोलावतं. ज्यांचा हा झेंडा जन्मजात थोटका असतो, त्यांची हाक नीट पोचत नाही.

डीआर-१५ ची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा हाच संच मज्जासंस्थेवर स्वतःच्याच पेशी हल्ला करतात त्या मल्टिपल स्क्लेरोसिसचाही धोका वाढवतो. पण लहान मुलांना इन्सुलिनची इंजेक्शनं घ्यायला लावणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहापासून तो चांगला बचाव करतो. तीन आजार, एकच संच, पण निकाल सारखे नाहीत. तेव्हा हा संच 'वाईट' आहे असं म्हणणाऱ्याला मी विचारतो, कोणासाठी? आपल्या अंगात जो वारसा आहे तो कोणी कॅन्सर डोळ्यांसमोर ठेवून निवडलेला नाही. हजारो पिढ्यांच्या देवी, ज्वर, हगवणी यांच्याशी झगडून जे टिकलं ते आपल्याकडे आलं. साठीत होणारा कॅन्सर त्या झगड्यात कधी मोजलाच गेला नव्हता.

विषाणू जिथं आहे, तिथं हा वारसा सगळ्यात स्पष्ट दिसतो. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग भागात नाकाच्या मागच्या पोकळीचा कॅन्सर फार होतो. १९७४ मध्ये सिंगापूरच्या चिनी रुग्णांमध्ये त्याचं एचएलएशी नातं सापडलं. आपल्या देशात हाच कॅन्सर नागालँडमध्ये लक्षणीय आहे. त्यामागचा विषाणू एप्स्टीन-बार, जो जगातल्या बहुतेक प्रौढांच्या अंगात निमूट बसलेला असतो, तुमच्या-माझ्यासकट. त्याच्यावर वचक ठेवणारं एक जनुक नसलं तर काय होतं, हे १९७५ मध्ये डेव्हिड पर्टिलो यांनी एका अमेरिकन कुटुंबात दाखवलं. त्या घराण्यातल्या अठरा मुलग्यांपैकी सहा मुलगे या साध्या विषाणूशी झालेल्या भेटीतून मरण पावले होते. दोष आईकडून मुलग्याकडे जाणारा. ते जनुक १९९८ मध्ये सापडलं. हिपॅटायटिस बी अंगात कायमचा राहील की नाही (राहिला तर पुढं यकृताचा कॅन्सर होऊ शकतो), यातही एचएलएच्या डीपी प्रकाराचा हात आहे, हे जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं.

विषाणू नसलेल्या कॅन्सरमध्ये पहारा काय करतो? याचं मला माहीत असलेलं सगळ्यात अस्वस्थ करणारं उदाहरण स्कॉटलंडचं आहे. एका व्यक्तीची त्वचेच्या मेलानोमासाठी शस्त्रक्रिया झाली, ती बरी झाली. सोळा वर्षांनी, इतर कारणानं मृत्यू आल्यावर तिची दोन मूत्रपिंडं दोघांना दिली गेली. रोपण टिकावं म्हणून त्या दोघांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली होती. दोघांनाही मेलानोमा झाला. म्हणजे सोळा वर्षं तो कॅन्सर दात्याच्या अंगात होता आणि पहारेकऱ्यांनी त्याला डोकं वर काढू दिलं नव्हतं. पहारा उठला आणि तो बाहेर आला. कॅन्सरलाही हा पहारा चांगला ठाऊक असतो. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की सुमारे ४० टक्के गाठींनी एचएलएचा एक संचच टाकून दिलेला होता. नळीच लपवली, की नमुना कोण बघणार? अर्थात नमुना अजिबात न दाखवणाऱ्यावर धाड घालणारं वेगळं खातं शरीरात आहे, त्याच त्या एनके पेशी. त्यांच्या जनुकांतही घराणी असतात. पण तिकडं वळलो तर घड्याळ रागावेल.

इथं मला थोडं आमच्या जातीच्या लोकांवर, म्हणजे संशोधकांवर बोलायचं आहे. सन २००० मध्ये इमाद अल-ओमर यांनी नेचरमध्ये दाखवलं, की इंटरल्यूकिन-१ बीटा हे प्रथिन जास्त बनवणारी जनुकं असलेल्या माणसांना जठराच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो. कारण पटण्यासारखं होतं: हेलिकोबॅक्टर जंतू आला की यांचं जठर जास्त पेटतं, आम्ल कमी होतं, अस्तर झिजतं. शोध चांगला. पण त्याच्या मागोमाग शंभर-दोनशे रुग्णांचे अभ्यास घेऊन जगभर लेखांचा पाऊस पडला. हे जनुक तोंडाच्या कॅन्सरशी, ते स्तनाच्या, हे तिसरं मूत्राशयाच्या. एका देशात धोका वाढतो, दुसऱ्यात कमी होतो, तिसऱ्यात काहीच नाही. त्यातले बहुतेक लेख मोठ्या संख्येच्या अभ्यासांपुढे टिकले नाहीत. ऐंशी रुग्णांचा असा एक लेख माझाही आहे. ग्रंथालयात सापडला तर कृपा करून वाचू नका.

मोठ्या संख्येनं काय दिसतं? ब्रिटन आणि फिनलंडच्या प्रचंड जनुकीय नोंदी तपासून २०२४ मध्ये सायन्समध्ये आलेला अभ्यास म्हणतो, की एचएलएच्या एका गटातल्या जनुकांचे आई आणि वडिलांकडून आलेले प्रकार वेगवेगळे असतील, तर धूम्रपान करणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका काहीसा कमी असतो. दोन वेगळ्या नळ्या, जास्त प्रकारचे दाणे हाती. हे वाचून एक वर्गमित्र मला म्हणाला, "म्हणजे माझी एचएलए तपासून घेतो आणि निर्धास्त ओढतो." त्याला मी विचारलं, सिगारेट धोका किती पटींनी वाढवते हे माहीत आहे ना? पंधरा-वीस पटींनी. त्यापुढं या जनुकांनी दिलेली सूट फारच छोटी.

मग तुम्ही विचाराल, आणि या भागात हे विचारलंच पाहिजे: मामाच्या मुलीशी लग्न केलं तर? आते-मामे भावंडांच्या अपत्यात एखाद्या जागी आई आणि वडील दोघांकडून एकच प्रत येण्याची शक्यता सोळात एक इतकी वाढते. तेव्हा दोन सारखे संच मिळण्याचं प्रमाण थोडं वाढतं, हे गणित आहे. त्यावरून आपल्याकडे कॅन्सर किती वाढतो, असं गणित मात्र कोणी मांडू नये, मीही मांडणार नाही. अशा लग्नांतून येणारे इतर काही आनुवंशिक आजार खूप जास्त ठसठशीत आहेत, त्यांची काळजी आधी करावी.

आजकाल वर्तमानपत्रात जाहिराती येतात. गालाच्या आतून कापूस फिरवा, पाकिटात घालून पाठवा, कॅन्सरचा धोका कळवतो. यातली काही नावं खरी उपयोगी असतात. बीआरसीए या जनुकांत बिघाड असेल, घरात स्तनाचे आणि अंडाशयाचे कॅन्सर दिसत असतील, तर जरूर तपासा, तिथं स्तनाच्या कॅन्सरचा आयुष्यभराचा धोका निम्म्याहून जास्त असतो आणि त्यावर करण्यासारखं पुष्कळ असतं. पण रोगप्रतिकारक जनुकांचा आकडा दीडपट, सव्वापट असा येतो, आणि तो बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवर मोजलेला असतो. आपल्या संचांची रचना वेगळी आहे. त्या कागदावरचा लाल रंग पाहून तुमची झोप मात्र पक्की उडेल. एके काळी गावोगावचे ज्योतिषी शनीची साडेसाती दाखवत, त्याचे पैसे निदान कमी होते.

हे ज्ञान निरुपयोगी आहे असं मला म्हणायचं नाही. ते वेगळ्या ठिकाणी उपयोगी आहे. जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना ज्या औषधांसाठी २०१८ चं नोबेल मिळालं, ती औषधं पहारेकऱ्यांच्या गळ्यातला पट्टा काढून घेतात. ती कोणाला लागू पडतील, हे ठरवण्यात रुग्णाचे एचएलए संच वेगवेगळे आहेत का, यालाही वाटा आहे, असं २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं. आजार झाल्यावर कोणतं औषध, या प्रश्नासाठी या जनुकांकडे बघायला मी तयार आहे. आजार होणार का, या प्रश्नासाठी अजून नाही.

आता त्या परांड्याच्या बाईंना उत्तर. बाई, तुमच्या सासूबाईंच्या दोन संचांपैकी नेमका एखादा संच तुमच्या यजमानांमार्फत तुमच्या पोरीपर्यंत पोचण्याची शक्यता चारात एक. समजा तो धोक्याचा होता आणि पोचलाही, तर तिचा धोका सुमारे दीडपट झाला. याच्या उलट बाजूला एक आकडा ठेवतो. त्याच स्वीडनमध्ये, जिथल्या नोंदवह्यांतून बहिणींचा हिशेब निघाला, २०२० मध्ये असं दिसलं, की सतरा वर्षांच्या आत एचपीव्हीची लस घेतलेल्या मुलींमध्ये या कॅन्सरचं प्रमाण लस न घेतलेल्यांपेक्षा ८८ टक्क्यांनी कमी होतं. त्या मुलींत डीआर-१५ वाल्या होत्या, डीआर-१३ वाल्याही होत्या. लस घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकीच्या अंगात या विषाणूविरुद्ध भरपूर प्रतिपिंडं तयार होतात, नळी कोणतीही असो. विषाणू दारातच अडला, तर पोत्यात नळी खुपसून दाणे पारखायची वेळच येत नाही.

ही लस सुरुवातीला आली तेव्हा परदेशी होती, महाग होती, आणि परांड्यातल्या शाळेच्या व्हरांड्यापासून फार लांब होती. आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेल्या सर्व्हावॅक या भारतीय लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली आहे. त्या बाईंच्या पोरीचं लग्न होऊन आज तिची मुलगी शाळेत असेल.

सभागृहाच्या दारांशी आशाताई वह्या घेऊन बसल्या आहेत. घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल तर तिचं नाव लिहून जा. तिशी ओलांडलेल्या बायकांनी तपासणीसाठी स्वतःचं नाव लिहावं, सासूबाई आणि नणंद कशानं गेल्या याचा विचार न करता. वही दोन्ही दारांशी आहे, गर्दी करू नका.